एका पेटीतल्या दोन लिप्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, देवघराच्या कोनाड्याखाली किंवा धान्याच्या खोलीत एक लाकडी पेटी पडून असेल. दीड-दोन फूट लांब, झाकण पुढच्या बाजूला उतरतं, कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या, समोर कडी-कोयंडा. उघडली की आत लहानमोठे कप्पे. आता त्यात सुई-दोरा, जुन्या पावत्या, किल्ली हरवलेली कुलुपं, असं काहीबाही ठेवलेलं असतं. घरातल्या पोरांना ती आजीची सुपारीची पेटी वाटते. पण उतरतं झाकण सुपारीसाठी कुणी करत नाही. ते कागद टेकवून लिहिण्यासाठी असतं. ही लिहिण्याची पेटी आहे, आणि आपल्या मराठवाड्याचा तीन-चारशे वर्षांचा कारभार अशाच पेट्यांमधून चालला.

राजवाडे, किल्ले, तोफा, तलवारी यांचा इतिहास आपण ऐकतो. कंधार, औसा, उदगीर हे किल्ले आपल्या दाराशी आहेत. १७६० ची उदगीरची लढाई शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण लढाई संपली की दुसऱ्या दिवशी काय होतं? सारा किती, कुणाकडून किती यायचा, कुणाच्या शेताचा बांध कुठे, विहिरीच्या पाण्यात कुणाची पाळी किती, हे सगळं कुणीतरी मांडी घालून बसून लिहितं. तलवारीनं घेतलेला मुलूख लेखणीनं सांभाळावा लागतो. बहमनी आले, बरीदशाही आली, मोगल आले, १७२४ नंतर आसफजाही आली. राज्यं बदलत गेली, लिहिणारा मात्र तसाच बसून राहिला आणि त्याच्यासमोर त्याची पेटी राहिली.

या पेटीतल्या सामानाची नावंच बघा. 'कलम' आणि 'दौत' हे शब्द अरबीतून आले. 'कागद', 'दप्तर', 'रुमाल' फारसीतून आले. 'शाई' ही मूळची 'सियाही', म्हणजे काळेपणा. अरबी 'कलम'ला फारसी 'दान' जोडून 'कलमदान' झालं. त्यांच्या शेजारी आपला मराठी 'बोरू' आणि आपली 'लेखणी'. फर्द लिहिणारा तो फडणीस, चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस, फारसी लिहिणारा तो पारसनीस. या सगळ्या आडनावांच्या शेपटाला असलेला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात लेखनाच्या शब्दांचा एक वेगळा वर्गच होता. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तरीही दौत दौतच राहिली आणि कागद कागदच राहिला. हातातल्या वस्तूचं नाव सहजासहजी बदलत नाही.

लिहिण्याच्या पेट्या आपल्याकडे ढोबळपणे तीन प्रकारच्या दिसतात. माणूस कसा बसतो आणि कशावर लिहितो, यावर पेटीचा आकार ठरलेला आहे.

पहिला प्रकार कलमदान. लांबट, अरुंद, कमरेच्या पट्ट्यात खोचता येईल किंवा हातात धरता येईल एवढं. आत चार-सहा कलमं, कलम तासायचा लहान चाकू आणि एका टोकाला दौत. फारसी-उर्दू लिहिणारा मुन्शी कागद मेजावर ठेवत नसे. एक गुडघा उभा करायचा, त्यावर कागद आणि कागदाखाली थोडी मऊ गादी, अशी त्याची बैठक. म्हणून त्याच्या पेटीला लिहिण्याचा उतार लागत नाही, सामान ठेवण्यापुरती जागा पुरते. जुन्या दरबारी चित्रांमध्ये लेखनिक असाच बसलेला दिसतो. कलमदान लाकडाचं असे, पितळेचं असे आणि आपल्या शेजारच्या बीदरमध्ये बिदरी कामाचंही असे. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून केलेला धातू. त्यावर वेलबुट्टी कोरायची, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग बीदर किल्ल्यातल्या मातीत नवसागर कालवून त्याचा लेप द्यायचा. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी पांढरी राहते. काळ्यावर पांढरं काढणाऱ्या कारागिरानं पांढऱ्यावर काळं करणाऱ्या माणसासाठी केलेली ही वस्तू. उदगीर-देगलूर भागाला बीदर काही परकं नाही. बाजारहाट, लग्नकार्य, उरूस यांसाठी इकडची माणसं पिढ्यानपिढ्या तिकडे जात आली आहेत.

दुसरा प्रकार मुनीमजीच्या पेटीचा. ही बैठी पेटी. गादीवर लोडाला टेकून बसलेल्या माणसाच्या मांडीसमोर येईल एवढीच तिची उंची. झाकणाचा वरचा भाग सपाट, तिथे दौत ठेवायची. खालचा भाग उतरता, त्यावर वही उघडून ठेवायची. व्यापाऱ्याची रोजमेळाची आणि खतावणीची वही लांबरुंद असते, ती गुडघ्यावर पेलत नाही. म्हणून इथे उतार आला. झाकण उचललं की आत एका बाजूला नाणी, एका बाजूला हुंड्या-पावत्या आणि पुढे कलमांची खाच. गल्ला आणि लिखाण एकाच कुलपात. म्हणूनच मुनीमजी जागेवरून उठले की आधी झाकण पडायचं आणि मग ते उठायचे.

या पेटीचं मोठं ठाणं म्हणजे लातूर. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि गावाचं रूप पालटलं. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं १९१७ च्या सुमारास गंजगोलाईची आखणी केली. मधोमध गोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेका मालाचा बाजार. या बाजारात मराठी, मारवाडी, गुजराती, लिंगायत, मुसलमान असे सगळे व्यापारी बसले. प्रत्येक पेढीला एक गादी, प्रत्येक गादीला एक मुनीम आणि प्रत्येक मुनीमासमोर एक पेटी. नांदेडला त्याच्या आधी दहाएक वर्षं हैदराबाद-मनमाड रेल्वे आली होती. कापसाच्या बाजारामुळे तिथेही अशाच गाद्या मांडल्या गेल्या. मोंढ्यात आलेल्या शेतकऱ्याला ही पेटी चांगली ओळखीची होती. तिच्यावर त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा लिहिला जाई, आणि तो बरोबर लिहिला की चूक, हे त्याला वाचता येत नसे.

तिसरा प्रकार दौऱ्याच्या पेटीचा. ही बंद केली की साधी चौकोनी पेटी. मधून उघडली की दोन्ही अर्धे भाग एकमेकांना लागून सलग उतार तयार होतो. त्यावर चामडं किंवा मखमल लावलेली. वरच्या बाजूला काचेच्या दौतीसाठी खण, टाकांसाठी खाच आणि दोन्ही अंगांना उचलायच्या कड्या. हा घाट युरोपातून आला. इंग्रज अधिकारी छावणीबरोबर फिरत, तेव्हा असली पेटी त्यांच्या सामानात असे. आपल्या भागात हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. शिवाय १८५३ च्या तहानं निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला. तिथला कारभार पाहायला आला तो मेडोज टेलर. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजलेली होती. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. पण फिरत्या कचेरीची ही रीत आपल्या तहसीलदार-गिरदावरांनीही उचलली. आज तंबू या गावात, उद्या त्या गावात, आणि कागदपत्रांची पेटी घोड्यावर किंवा बैलगाडीत. आपल्या सुतारांनी तो घाट पाहिला आणि त्यात आपल्या सोयीनं बदल केले. मखमलीची जागा साध्या लाकडानं घेतली आणि काचेच्या बाटलीच्या जागी पितळेची झाकणाची दौत आली.

जगात अशा पेट्यांना मोठा मान आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये थॉमस जेफरसननं अशाच एका फिरत्या पेटीवर लिहिला. तिचा आराखडा त्यानं स्वतः काढला होता आणि फिलाडेल्फियातल्या बेंजामिन रँडॉल्फ नावाच्या कारागिरानं ती घडवली होती. आज ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. जेन ऑस्टिन या इंग्रज कादंबरीकर्तीची पेटी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहे. त्या पेट्या वाचल्या, कारण त्यांच्या मालकांची नावं मोठी होती. आपल्या पेट्यांचे मालक पटवारी, मुनीम, मुन्शी, कारकून. त्यांचं नाव त्यांनी लिहिलेल्या कागदाच्या शेवटच्या ओळीत कधीतरी 'दस्तुर'च्या पुढे येतं, तेवढंच.

आता पेटी घडवणाऱ्याकडे वळू. गावचा सुतार नांगर, तिफण, गाडी करणारा. पेटी हे त्याहून नाजूक काम. मोठ्या गावातले पांचाळ सुतार किंवा मुसलमान वाढई ते करत. लाकूड बहुतेक साग, मानाच्या पेटीला शिसव. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरचं जंगल सागाचं आहे. सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे त्याला वाळवी सहजी धरत नाही. दुसरं म्हणजे हवामान बदललं तरी साग फारसा फुगत-आकसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा हवेत पेटी सरळ राहायची तर लाकूड चांगलं हवं आणि सांधाही शहाणा हवा.

चांगल्या पेटीचे कोपरे खिळ्यांनी जोडलेले नसतात. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात कापतात आणि दुसऱ्या फळीत त्याच मापाच्या खाचा. दोन्ही एकमेकांत बसवले की ओढून सुटत नाहीत. वर सरस लावायचा. तळाची फळी मात्र सरसानं चिकटवत नाहीत. चारही बाजूंच्या खोबणीत ती नुसती सरकवून ठेवतात. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिला हलायला जागा ठेवली नाही तर पेटीच तडकेल. शंभर वर्षांनंतरही तळ न फाटलेली पेटी दिसली की समजावं, करणाऱ्यानं लाकडाचा स्वभाव ओळखला होता.

कोपऱ्यांना पितळच का, लोखंड का नाही? लोखंड गंजतं, हे तर खरंच. पण आणखी एक कारण आहे. लाकडात तुरट अंश असतो. ओल लागली की लोखंडाचा आणि त्याचा संयोग होतो आणि खिळ्याभोवती काळा डाग पसरतो. गंमत अशी, की एका प्रकारची काळी शाई नेमकी याच गुणावर तयार व्हायची. हिरड्याचा तुरट काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, हे एकत्र आले की काळा रंग उतरतो. पेटीच्या लाकडावर नको असलेला डाग दौतीत हवाहवासा असायचा. शेवटी पेटीला जवसाचं तेल चोळून मुरवायचं. जवस आपल्या रानातलाच.

दुसरी शाई काजळाची. दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती खलात घोटायची. जितका घोट अधिक तितकी शाई चकचकीत. काजळाची शाई उन्हानं उडत नाही. दोनशे वर्षांनीही अक्षर कालच लिहिल्यासारखं काळं दिसतं. पण तिचा शत्रू पाणी. ती कागदात फारशी मुरत नाही, वर बसते, थेंब पडला की पसरते. हिराकशीची शाई कागदात मुरते, मात्र कालांतरानं कागदालाच खाते. म्हणून पेटीचं झाकण घट्ट बसायला हवं आणि पेटीला खाली पाय हवेत, म्हणजे सारवलेल्या जमिनीची ओल आत चढत नाही. कागदांत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला ठेवत, तो कसरीसाठी. दौतीत शाई नुसती ओतलेली नसे. तिच्यात रेशमाचा किंवा कापसाचा बोळा असे. उर्दूत त्याला 'सूफ' म्हणतात. शाई बोळ्यात धरून ठेवलेली, त्यामुळे पेटी हलली तरी सांडत नाही आणि कलमाच्या टोकाला हवी तेवढीच लागते. कागद मात्र दुरून आणायची गरज नव्हती. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा आहे. तिथे हातकागद करण्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापासूनची सांगतात.

आता त्या कलमानं लिहिलं जाई, त्याबद्दल. इथे मला फार मोलाची वाटणारी एक गोष्ट सांगायची आहे. मराठी हिशेब-दप्तर मोडीत चालायचं. मोडी म्हणजे हात न उचलता लिहायची लिपी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंफत जायची. 'मोडी' हे नाव 'मोडणे' यावरून आलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. बाळबोध अक्षराचे कोन मोडले, वळणं दिली, वेग आला. तिकडे फारसी-उर्दूच्या कचेरीतही भराभर लिहायची एक वेगळी लिपी होती. नुक्ते गाळलेले, अक्षरं एकमेकांना अडकवलेली. तिचं नाव 'शिकस्ता'. शिकस्ता या फारसी शब्दाचा अर्थही मोडलेला, तुटलेला. दोन भाषा, दोन दिशांनी चालणाऱ्या. एक डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. पण कामाचा रेटा दोन्हीकडे सारखा होता, म्हणून दोघींनी आपापलं अक्षर मोडून घेतलं आणि नावंही एकाच अर्थाची घेतली.

निजामाच्या राज्यात या दोन्ही लिप्या एकाच रस्त्यानं गेल्या. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ दिवाण होते. त्यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, महसुलाची घडी बसवली. तोवर दरबारी भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. पण गावात पटवाऱ्याच्या बैठकीवर बरंचसं लिखाण मोडीतच राहिलं. गावचा आकडा मोडीत जन्मायचा आणि तहसीलात गेल्यावर उर्दू व्हायचा. मधे बसलेल्या कारकुनाला दोन्ही यावं लागे. तो कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्याच्या कामात येत नव्हता. देशपांडे, कुलकर्णी मंडळी अस्खलित उर्दू लिहीत आणि मुसलमान कारकून मोडी वाचत. सामान्य माणसाच्या जमिनीचा प्रश्न होता. त्याला कागद बरोबर हवा होता, लिपी कुठलीही असो.

लेखणीचा मानही दोन्हीकडे सारखाच. दसऱ्याला पाटीपूजन, दिवाळीला वहीपूजन. त्या दिवशी मुनीमजीच्या पेटीला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. आमच्याकडे मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाहची रसम होते, मुलाला पहिला धडा देतात. कुरआनातल्या अडुसष्टाव्या सूरहचं नावच 'अल-कलम' आहे आणि तिच्या सुरुवातीला कलमाची शपथ आहे. लिहिण्याच्या वस्तूला पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचं, हे मी हिंदूंच्या घरात पाहिलं आणि मुसलमानांच्या घरातही पाहिलं.

मग ही पेटी गेली कुठे? १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कारभाराची भाषा मराठी झाली, लिपी देवनागरी झाली. ही आपल्या हक्काची, आनंदाची गोष्ट. पण तिच्याबरोबर मोडी आणि शिकस्ता दोन्ही वाचणारी पिढी हळूहळू सरली. फाउंटन पेन आलं, तेव्हा दौतीची गरज संपली. टेबल-खुर्ची आली, उतार संपला. टंकलेखन यंत्र आलं, हातच बदलला. पेटी माळ्यावर गेली. कुठे वाड्याच्या वाटण्यांत ती धाकट्याच्या वाट्याला आली, कुठे विकली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरं आणि माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. गावंच्या गावं उठून नव्या जागी वसली. माणसांच्या दुःखापुढे पेट्यांचं आणि कागदांचं कोण बोलणार? पण त्या ढिगाऱ्याखाली कित्येक घराण्यांचं दप्तरही गेलं, हे आज आठवलं पाहिजे.

आणि आता या पेट्यांना अचानक गिऱ्हाईक आलं आहे. शहरातल्या हॉटेलांच्या दर्शनी भागात, बंगल्यांच्या दिवाणखान्यात जुनी लाकडी पेटी शोभेला ठेवतात. जुन्या वस्तू घेणारे खेड्यांत फिरतात. पितळी कोपऱ्यांची, शिसवाची पेटी असेल तर भाव बरा मिळतो. व्यवहार कसा होतो? पेटी उपडी करतात, आतले कागद झटकून बाजूला टाकतात आणि रिकामी पेटी गाडीत ठेवतात. कागद चुलीत जातात किंवा रद्दीत. लाकडाला किंमत येते, अक्षराला येत नाही. कारण लाकूड सगळ्यांना ओळखता येतं, ते अक्षर वाचणारं घरात कुणी उरलेलं नसतं.

याची खरी किंमत आपल्याला अलीकडे कळू लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातले निजामकालीन महसुली आणि इतर कागद तपासून कुणबी नोंदी शोधणं, हे तिचं काम. जिल्ह्याजिल्ह्यांत रेकॉर्डरूम उघडल्या गेल्या. कागद निघाले मोडीत आणि उर्दूत. मग मोडी वाचणारे शोधा, उर्दू जाणणारे शोधा, अशी धावपळ झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णयही निघाला. त्यातल्या राजकारणात मला शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं, की एका पटवाऱ्यानं बोरूनं ओढलेली एक ओळ शंभर वर्षांनी एखाद्या मुलाच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी येऊन भिडते. ती ओळ लिहिताना त्याला याची कल्पना नव्हती. त्यानं ती नीट लिहिली, कारण नीट लिहिणं हे त्याचं काम होतं.

हे एका समाजापुरतं नाही. जमिनीच्या वादात आजही लोक १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी शोधत फिरतात. इनामी जमीन, दर्ग्याची जमीन, देवस्थानाची जमीन, महार वतनाची जमीन, या सगळ्यांचा पुरावा याच जुन्या कागदांत आहे. उर्दू येते म्हणून माझ्याकडेही लोक असे कागद घेऊन येतात. छापील उर्दू वाचणं वेगळं आणि शिकस्ता वाचणं वेगळं. एकेका शब्दावर तासभर जातो. कागद घेऊन आलेला माणूस मात्र माझ्या तोंडाकडे असा बघत असतो, जणू त्याच्या पणजोबाचा आवाजच आता ऐकू येणार आहे.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, घरात जुनी पेटी असेल तर ती विकण्यापूर्वी आतला एकेक कागद पाहा. वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. दुसरी, पेटीची बाहेरून उंची मोजा आणि आतून खोली मोजा. फळीच्या जाडीपेक्षा जास्त फरक निघाला तर खाली चोरकप्पा असण्याची शक्यता आहे. महत्त्वाचे कागद तिथेच ठेवत. तिसरी, १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना तर पंच्याहत्तर वर्षं पुरतात. सरकारी परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. चौथी, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, त्यावर चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधा, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा आणि पुराभिलेख संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा.

आणखी एक मागणं तरुणांकडे आहे. मोडी शिकायला काही महिने लागतात. पुराभिलेख खातं तिचे वर्ग घेत आलं आहे. ज्यांना उर्दू येते त्यांनी शिकस्ता शिकावी. नांदेडला विद्यापीठ आहे, लातूर तर शिक्षणासाठी नावाजलेलं शहर आहे. डॉक्टर-इंजिनियर घडवणाऱ्या या दोन शहरांनी वर्षाला पाच-दहा जुनी लिपी वाचणारेही घडवले, तर ते अवघड नाही. ज्या मुलाला मोडी येते आणि ज्या मुलीला शिकस्ता येते, अशी दोघं एका टेबलाशी बसली, तर आपल्या कितीतरी गावांचा अडलेला इतिहास वाहता होईल. पूर्वी कचेरीत तो तसाच वाहता होता.

पेटी हवी तर दिवाणखान्यात ठेवा. ती देखणी आहेच, घडवणाऱ्याच्या हाताला सलाम करावा अशी आहे. फक्त ती रिकामी ठेवू नका. तिच्यातून जे कागद निघाले, ते पुन्हा तिच्यातच ठेवा आणि घरातल्या एकाला तरी ते वाचायला शिकवा.